आधी देश ठरवा, मग प्रमाणपत्र

सेंद्रिय प्रमाणपत्राचा अर्ज भरण्याआधी माल कुठल्या देशात पाठवायचा ते पक्कं करा. अमेरिकेच्या नियमात बंदी असलेल्या रसायनाच्या शेवटच्या वापरानंतर काढणीपर्यंत 36 महिने जावे लागतात. युरोपात हंगामी पिकाला पेरणीआधी 2 वर्षं. एकाचं प्रमाणपत्र दुसरीकडे चालेलच असं नाही.

पण खरी काळजी काढणीनंतर घ्या. माझा एक लॉट रसायनांच्या अवशेष तपासणीत अडकला होता. शेत स्वच्छ होतं, गोण्या मात्र जुन्या. शिवणीत बोट घातलं तर पांढरी भुकटी निघाली! तेव्हापासून गोणी कोरीच घेतो आणि प्रत्येकीवर लॉट नंबर टाकतो.

युरोपचं तपासणी प्रमाणपत्र माल निघण्याआधीच ‘ट्रेसेस’ या युरोपीय संघाच्या ऑनलाइन प्रणालीवर तयार हवं. जहाज सुटल्यावर धावपळ करून काहीच हाती लागत नाही.