जुनं घर आणि स्प्रे फोम : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या घरांच्या हीटिंगबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यालाच देतेय. मी न्यू जर्सीत घरांचं एनर्जी ऑडिट करते, म्हणजे लोकांच्या बेसमेंटमध्ये नि ॲटिकमध्ये टॉर्च घेऊन फिरणं हेच माझं काम, त्यामुळे जे डोळ्यांनी बघितलंय तेवढंच सांगते. स्प्रे फोम म्हणजे फवारला की फुगून चिकटणारा, ऊब अडवणारा फेस, तो मारावा का हेच बहुतेकांनी विचारलंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही एडिसनजवळ १९२६ चं घर घेतलंय, आतून प्लास्टरच्या भिंती, बाहेर लाकडी साइडिंग. वरच्या मजल्यावर मुलांच्या खोलीत इतकं गार असतं की ती स्वेटर घालून झोपतात आणि गॅसचं बिल बघून पोटात गोळा येतो. एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय सगळ्या बाहेरच्या भिंतींत क्लोज्ड सेल फोम मारू, एकदाच खर्च, वर टॅक्स क्रेडिट पण मिळेल. सही करू का?

उत्तर : नका करू, निदान आत्ता तरी नको. आधी टॅक्स क्रेडिटचं बघू. ती फेडरल सवलत, ३० टक्के आणि वर्षाला जास्तीत जास्त १,२०० डॉलर, ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. जो कॉन्ट्रॅक्टर अजून ती सांगतोय त्याचं बाकीचं बोलणंही तपासूनच घ्या.

आता गारठ्याचं. तुम्हाला वाटतंय गारवा भिंतीतून येतोय, पण जुन्या घरात खरी गळती वर आणि खाली असते. गरम हवा हलकी, ती वर चढते, ॲटिकच्या फटींतून निघून जाते, आणि ती गेली की तेवढीच गार हवा बेसमेंटमधून आत ओढली जाते, घर म्हणजे एक मोठं धुराडंच होतं. एखाद्या कडक थंडीच्या दिवशी देवघरातली उदबत्ती घेऊन बेसमेंटमध्ये उतरा. पायाच्या भिंतीवर जिथे लाकडी फ्रेम बसते ना, ज्याला इथे रिम जॉइस्ट म्हणतात, त्या कडेकडेने उदबत्ती हळूहळू फिरवा. (तिथे जुनं फायबरग्लास, म्हणजे काचतंतूंचा कापूस, कोंबलेलं असेल तर त्याला लागू देऊ नका.) धूर सरळ वर जाता जाता एकदम आत वाकतो, ती तुमची फट. आणि ते गुलाबी फायबरग्लास थोडं ओढून बघा, जागोजागी काळं पडलेलं दिसेल. ती बुरशीच असेल असं नाही, बहुतेक वेळा ती धूळ असते, इतकी वर्षं त्यातून हवा गाळून जातेय त्याचा डाग. फायबरग्लास हवा अडवत नाही हे सांगायला मला यापेक्षा चांगला पुरावा सापडलेला नाही.

म्हणून आधी ब्लोअर डोअर टेस्ट करून घ्या. दाराच्या चौकटीत पंखा बसवून घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी करतात आणि तासाला घरातली हवा किती वेळा बदलते ते मोजतात. नव्या घरांना इथल्या थंड भागात कोडप्रमाणे, म्हणजे बांधकामाच्या नियमांप्रमाणे, हा आकडा साधारण ३ च्या आत लागतो, तुमच्या वयाच्या घरात तो १० च्या वर सहज निघतो. पंखा चालू असताना घरभर फिरलं की कुठे वारा लागतोय ते हातालाच कळतं.

फोम वाईट नाही हो, माझा राग फोमवर नाहीये, तो भलत्या जागी मारण्यावर आहे. रिम जॉइस्टला दोन इंच क्लोज्ड सेल म्हणजे सोन्यासारखं काम, तिथे कोपरे इतके वेडेवाकडे असतात की दुसरं काही नीट बसत नाही. क्लोज्ड सेल म्हणजे घट्ट, कडक फोम, त्याचा आर-व्हॅल्यू (ऊब अडवायची ताकद, जितका जास्त तितकं चांगलं) इंचाला ६ ते ७, मऊ ओपन सेलचा साडेतीनच्या आसपास, शिवाय क्लोज्ड सेल ओल फारशी आरपार जाऊ देत नाही, म्हणून गार काँक्रीटजवळ तोच बरा. पण भिंतीत? पहिली गोष्ट, स्प्रे फोम बंद भिंतीत मारताच येत नाही, पोकळी उघडी लागते, म्हणजे तुमचं सगळं जुनं प्लास्टर पाडावं लागणार, ते त्याने कोटेशनमध्ये धरलंय का विचारा. दुसरी, १९२६ च्या घराला साइडिंगमागे आजच्यासारखा नीट वॉटरप्रूफ थर बहुधा नसतो, पावसाचं थोडं पाणी आत येतं आणि फटीफटींतून वाळतं, इतकी वर्षं ते लाकूड टिकलंय ते या वाळण्यामुळे. फळ्यांच्या पाठीला थेट फोम चिकटवला की आतल्या बाजूने वाळायची वाटच बंद. आणि तो नंतर काढता येत नाही, खरवडून, तासून काढावा लागतो, लाकडाची सालं निघतात. माझ्या हिशेबात ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, चुकलं तर परत फिरता येत नाही.

भिंतीला बाहेरून छोटी भोकं पाडून सेल्युलोज, म्हणजे कागदाचा भुगा, दाबून भरतात, साडेतीन इंचाच्या पोकळीत आर-१३ च्या आसपास मिळतो, हवा बरीच अडते, लाकूड वाळत राहतं, आणि खर्चही कमी. पण त्याच्या आधी ॲटिक. पाइप जिथून वर जातात, आतल्या भिंतींची डोकी जिथे ॲटिकमध्ये उघडी असतात, वर चढायचं झाकण, हे सगळं सील करा आणि मग वरून सेल्युलोज, आर-४९ ते आर-६० म्हणजे जवळपास १४ ते १७ इंच. विटांच्या धुराड्याभोवती मात्र फोम अजिबात नको, तिथे पत्रा आणि आगीला टिकणारं सीलंटच लागतं. मुलांची खोली बहुतेक एवढ्यानेच सुधारेल.

एक गोष्ट मात्र या सगळ्याच्याही आधी. ॲटिकच्या जमिनीवर चकचकीत खड्यांसारखं, राखाडी-सोनेरी, वाळूसारखं काही पसरलेलं दिसलं तर हात लावू नका, झाडू नका, ब्लोअर डोअर टेस्टही नको. ते व्हर्मिक्युलाइट असू शकतं, पूर्वी ऊब अडवायला ॲटिकमध्ये पसरायचे ते खनिज. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतला हा माल १९९० पर्यंत देशभर जायचा आणि त्यात ॲस्बेस्टॉस मिसळलेलं होतं. आणि चिनीमातीच्या छोट्या गट्टूंवरून सुट्ट्या तारा गेलेल्या दिसल्या तर ती जुनी नॉब अँड ट्यूब वायरिंग, ती उघड्या हवेत थंड राहते, तिच्याभोवती फोम किंवा सेल्युलोज भरायला इलेक्ट्रिकल कोडचीच मनाई आहे. आधी इलेक्ट्रिशियन, मग बाकीचे.

प्रश्न : माझ्या सासूबाई एप्रिलमध्ये इंडियातून सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांना दमा आहे. फोमचं काम त्यांच्या आधी उरकू की त्या परत गेल्यावर? आणि मिस्टर म्हणतात की कॅनडात असल्या फोमवर बंदी आली होती, खरं का? (मिसिसागा, कॅनडा)

उत्तर : दुसऱ्याचं आधी सांगते. तो फोम वेगळा, युरिया फॉर्मल्डिहाइडचा. १९७० च्या दशकात कॅनडात खूप घरांत भरला गेला आणि १९८० मध्ये त्यावर बंदी आली. आजचा स्प्रे फोम पॉलियुरेथेनचा, केमिस्ट्रीच निराळी. मिस्टरांची शंका चुकीची नाही, फक्त माल दुसरा.

आता दमा. हा फोम तुमच्या घरातच तयार होतो, दोन ड्रमांतली दोन रसायनं गनच्या तोंडाशी एकत्र येतात आणि काही सेकंदांत फुगतात. त्यातलं एक आयसोसायनेट, ते श्वासात गेलं तर दमा उठतो, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की नंतर अगदी थोडंसंही त्रास देतं. म्हणून काम चालू असताना घरात कोणीच नको, कुत्रं-मांजरही नको. कंपन्या साधारण २४ तास सांगतात, पण ते प्रॉडक्टवर आणि हवा किती खेळती ठेवली त्यावर असतं, तुमच्या मालाच्या कागदावर काय लिहिलंय ते मागून घ्या. दमेकरी माणसासाठी मी त्यावर समाधान मानणार नाही. एकतर त्या यायच्या निदान महिनाभर आधी काम पूर्ण करा आणि रोज खिडक्या उघडा, नाहीतर सरळ त्या परत गेल्यावर ऑक्टोबरमध्ये करा. तारखा ओढूनताणून बसवू नका, त्यांच्या जिवापेक्षा चार महिन्यांचं बिल मोठं नाही.

आणि वास. नीट जमलेल्या फोमला थोड्या दिवसांनी वास राहत नाही. मासळीबाजारासारखा वास आठवड्यांनंतरही येत राहिला, किंवा फोम लाकडापासून सुटून मधे नखाएवढी फट दिसायला लागली, तर दोन रसायनांचं प्रमाण चुकलंय किंवा लाकूड ओलं नि गार असताना मारलाय. अत्तर-उदबत्तीने तो जात नाही, जेवढा बिघडलाय तेवढा कापून काढावाच लागतो. काम चालू होतानाच विचारा की एका थराला किती जाडी देणार, क्लोज्ड सेल एका दमात साधारण दोन इंचच, मधे थंड होऊ द्यायचा, कारण फुगताना तो तापतो आणि घाईत जाड थर दिले तर आतून जळतो, आगी लागल्यात अशाने.

प्रश्न : गेल्या सप्टेंबरमध्ये ॲटिक आणि रिम जॉइस्ट दोन्ही सील करून घेतलं, घर मस्त उबदार झालं. पण दिवाळीत चकल्या तळत होते, शेगडीवरचा हूड फुल्ल स्पीडवर, आणि बेसमेंटमधला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला बॅटरी बदला. बदलली. परत वाजला नाही, पण मनातून जात नाहीये.

उत्तर : बाई, जाऊ देऊच नका मनातून. हे पत्र वाचून मी जेवण अर्धं टाकून उठले.

तुमच्या बेसमेंटमध्ये साधा गॅस वॉटर हीटर आहे असं धरून चालते, ज्याच्या डोक्यावर उघडी टोपी असते आणि तिथून पाइप धुराड्यात जातो. त्याचा धूर वर ढकलायला कुठला पंखा नसतो, फक्त गरम हवेचा जोर, जो जेमतेम काही पास्कल असतो. आपल्या घरांतला हूड मात्र फोडणी आणि तळणासाठी घेतलेला, ६०० सीएफएम (मिनिटाला इतके घनफूट हवा बाहेर फेकणारा), काहींकडे ९००. आधी घर गळकं होतं, हूडने बाहेर फेकलेली हवा शंभर फटींतून परत यायची. त्या फटी तुम्ही बुजवल्या. आता हूड चालू झाला की घराला हवा पाहिजे आणि सगळ्यात सोपी उघडी वाट उरली ती वॉटर हीटरचं धुराडं. हवा तिथून खाली येते आणि धूर घरात पसरतो, त्यातच तो कार्बन मोनॉक्साइड. वर कपड्यांचा ड्रायर आणि बाथरूमचा पंखा चालू असेल तर आणखीच.

त्यामुळे आजपासून हूड लावला की किचनची खिडकी चार बोटं उघडायची, थंडी असो नसो. अलार्म परत वाजला तर बॅटरीचा विचार नको, सगळ्यांना घेऊन बाहेर आणि बाहेरून ९११. आणि याच आठवड्यात कोणालातरी बोलवून कम्बस्चन सेफ्टी टेस्ट करून घ्या. घरातले सगळे पंखे, हूड, ड्रायर एकदम लावतात, दारं बंद करतात आणि हीटर पेटवून धूर वर जातोय की टोपीपाशी बाहेर सांडतोय ते बघतात. ही टेस्ट सील करायच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा व्हायला हवी होती. तुमच्या कॉन्ट्रॅक्टरने केली नाही आणि वर बॅटरी बदला म्हणाला, याचा मला मनापासून संताप आहे.

कायमचा उपाय म्हणजे तो हीटर बदलणं. सील्ड कम्बस्चनचा गॅस हीटर घ्या, जो हवा बाहेरूनच घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, किंवा हीट पंप वॉटर हीटर, जो विजेवर चालतो आणि हवेतली उष्णता घेऊन पाणी तापवतो, त्यात ज्योतच नाही आणि बेसमेंटचा दमटपणाही कमी होतो. ४०० सीएफएमच्या वरच्या हूडला बाहेरून ताजी हवा आत आणायची सोय कोडमध्येच सांगितलीय, ती नसेल तर करून घ्या. आणि फर्नेस (घर तापवणारी भट्टी) कुठल्या प्रकारची आहे, तिलाही हाच धोका आहे का, तेही बघायला सांगा. घर घट्ट झालंय तर रेडॉनची (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सर्गी वायू) टेस्टही परत करा, लिटरमागे ४ पिकोक्युरीच्या वर आलं तर तो बाहेर काढणारा पाइप बसवावा लागतो.

प्रश्न : लंडनजवळ हॅरोमध्ये आमचं १९३० च्या दशकातलं सेमी (शेजाऱ्यांशी एक भिंत सामायिक असलेलं जोडघर) आहे, लॉफ्टमध्ये कौलांच्या आतून फोम मारायची ऑफर आलीय. करू का?

उत्तर : नको. तुमच्याकडे हा पैशाचाही प्रश्न आहे. कौलांना आणि वाशांना आतून फोम चिकटला की वासे कुजतायत का ते सर्व्हेयरला दिसत नाही, त्यामुळे तिथले बरेच लेंडर अशा घरावर मॉर्गेज किंवा इक्विटी रिलीज (उतारवयात घराच्या तारणावर मिळणारे पैसे) द्यायला तयार होत नाहीत. घर विकायला काढलं की गिऱ्हाईक अडतं आणि फोम काढायला हजारो पाउंड जातात. लॉफ्टच्या जमिनीवर २७० मिलिमीटर मिनरल वूल अंथरा, कडेला वळचणीपाशी हवा खेळायला जागा सोडा, बस. आणि ज्यांनी आधीच मारलाय त्यांना आता फोम काढून देतो म्हणून फोन येतायत, त्यांना होकार द्यायच्या आधी स्वतंत्र सर्व्हेयरला दाखवा.

प्रश्न : आईबाबांच्या नाशिकच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर मे महिन्यात भट्टी होते. इथे फोमने फरक पडतो तर तिथेही आतून मारून घेऊ का?

उत्तर : तिथली अडचण उलटी आहे. दिवसभर खिडक्या उघड्या, हवा अडवून काय करणार, ताप येतोय तो स्लॅबमधून. म्हणून इलाज उन्हाच्या बाजूने, गच्चीवरून. आधी कोबा कुठे फुटलाय, कुठे पाणी मुरतंय ते दुरुस्त करा, आणि मग वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांचं चायना मोझॅक किंवा चांगला पांढरा रिफ्लेक्टिव्ह कोट. फोम गच्चीवर मारणारे आहेत, पण तो उघडा राहिला तर उन्हाने पिवळा पडून भुकटी होतो, वर कोबा किंवा कोट घालावाच लागतो. आतून छताला मारायचं तर मी नाहीच म्हणेन, गच्ची गळायला लागली तर ओल फोममागे कुठवर पसरलीय ते आईबाबांना खालून दिसणारच नाही. पांढरा कोट गुढीपाडव्यानंतर लगेच, ऊन चढायच्या आत करून घ्या.