क्रेस्टसाठी नोकरीचे दोन दिवस सोडावेत का?

लीड्सच्या एका वाचकांचा प्रश्न : चौदाव्या शतकाच्या धाटणीचे क्रेस्ट, म्हणजे सरदारांच्या शिरस्त्राणावर बसवायची कुळचिन्हं, ते हातानं घडवतात. यंदा दोन विकले, प्रत्येकी ६०० पौंडांना. आता वर्षाला ४५,००० पौंडांची नोकरी आठवड्याला तीन दिवसांवर आणावी आणि महिना ३५० पौंडांचा गाळा दोन वर्षांच्या करारानं घ्यावा का? शिल्लक १४,००० पौंड, घरखर्च महिना २,६००.

नमस्कार. तुमच्या सिंहाच्या क्रेस्टचा फोटो मी बराच वेळ पाहत बसलो. कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये ब्लॅक प्रिन्सचा, म्हणजे इंग्लंडच्या राजपुत्र एडवर्डचा, क्रेस्ट आहे. १३७६ मध्ये वारलेल्या त्या राजपुत्राचा सिंहही चामड्या-कापडाचाच, वर लेप आणि सोनेरी मुलामा. तुम्ही फायबरग्लासची सोपी वाट न धरता खडू आणि सरसाचा लेप थरावर थर चढवता, प्रत्येक थर वाळू देता, घासता आणि मगच वर्ख लावता. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, म्हणूनच ते स्वस्तात विकलं जाताना बघवत नाही.

तुमचेच आकडे घेऊ. एका क्रेस्टला सामान १४० पौंडांचं आणि हातचे ७० तास. ६०० मधून उरले ४६०, म्हणजे तासाला जेमतेम साडेसहा पौंड. एप्रिल २०२५ मध्येच ब्रिटनमध्ये एकवीस आणि त्यावरच्या वयाच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड झालं होतं. दोन दिवस मोकळे झाले तर वर्षाला सुमारे ७७० तास मिळतील, त्यात अकरा क्रेस्ट होतील. ते सगळे विकले गेले तरी ५,०६० पौंड, त्यातले ४,२०० गाळ्याला. हाती ८६०, आणि पगारातून जाणार १८,०००. कर कमी लागेल हे खरं, पण पेन्शनमध्ये पडणारा कंपनीचा वाटाही घटेल.

म्हणून यंदा नोकरीला हात लावू नका. शिल्लक सुमारे साडेपाच महिन्यांच्या खर्चाएवढीच आहे. त्यातले १२,००० बाजूलाच राहू देत. गॅरेजमध्ये ओल येते आणि लेप सुटतो, असं तुम्ही लिहिलंय. त्यासाठी गाळा कशाला? आधी हवेतली ओल शोषणारं यंत्र आणून बघा. गाळ्याच्या एका महिन्याच्या भाड्यात ते येतं.

पुढच्या तीन गिऱ्हाइकांना १,२०० पौंड सांगा, निम्मे आगाऊ घ्या. तासाला पंधरा पडतील. तोंडानं १,२०० म्हणायला जड जाईल, पण कागदावर तासांचा हिशेब दाखवलात की समोरच्यालाही पटतं.

कराचंही बघा. दोन्ही क्रेस्ट एकाच करवर्षात विकले असतील तर विक्री १,००० पौंडांवर गेली. ते वर्ष संपल्यावर येणाऱ्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटची, म्हणजे आपलं करविवरण आपणच भरण्याची, नोंदणी करा. खर्च दाखवण्याऐवजी १,००० पौंडांची सूट घ्या, म्हणजे २०० वरच कर लागेल.

तिघांपैकी दोघांनी होकार दिला तर मला पुन्हा लिहा. मग चार दिवसांच्या आठवड्याचा हिशेब मांडू, आणि तेव्हाही गाळा घ्यायचा तर मध्येच सोडता येईल अशाच कराराचा.