गर्भपिशवीत ४.५ सेंटिमीटरची गाठ निघाली आहे, पिशवी काढावीच लागेल का?

ताई, आधी घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की वय ४१, दोन मुलं झालीत, पाळीत खूप जातं, सोनोग्राफीत ४.५ सेंटिमीटरचा फायब्रॉईड निघाला आणि डॉक्टर म्हणाले पुढे कॅन्सर होईल, पिशवी काढून टाका. मी गायनॅक ओपीडीत सिस्टर आहे, डॉक्टर नाही, तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, त्यामुळे तुम्ही हेच करा असं सांगणार नाही. पण रोज तुमच्यासारख्या बायका समोर बसतात, म्हणून मनापासून लिहितेय.

कॅन्सरचं आधी. फायब्रॉईड म्हणजे पिशवीच्या स्नायूची साधी गाठ. पन्नाशीपर्यंत निम्म्याहून जास्त बायकांना लहानमोठी गाठ असतेच, कित्येकींना तर आयुष्यभर कळतही नाही. त्यातून कॅन्सर निघणं अगदी दुर्मिळ, हजारात एखादीला, आणि साधी गाठ सहसा नंतर कॅन्सरची होत नाही. म्हणून नुसत्या कॅन्सरच्या भीतीने पिशवी काढू नका. मात्र चाळिशीनंतर पाळी बिघडली असेल तर आतल्या अस्तराची तपासणी, गरज पडली तर बायॉप्सी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आणि पाळी बंद झाल्यावर कुणाला अंगावरून रक्त गेलं किंवा गाठ वाढायला लागली तर ते वेगळं, तिथे अजिबात थांबायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गाठ किती मोठी यापेक्षा ती कुठे आहे आणि तुम्हाला त्रास काय आहे यावर उपचार ठरतो. रिपोर्ट काढून बघा, त्यात सबम्युकोसल, इंट्राम्युरल किंवा सबसेरोसल यातलं काहीतरी लिहिलेलं असेल. सबम्युकोसल म्हणजे आतल्या पोकळीत डोकावणारी, इंट्राम्युरल भिंतीतली, सबसेरोसल बाहेरच्या बाजूची. आमच्याकडे एक बाई आली होती, गाठ जेमतेम २ सेंटिमीटरची पण आत पोकळीत, आणि हिमोग्लोबिन ६ वर आलेलं. जिना चढताना दोनदा बसायची, जीभ पांढरी, पदराच्या टोकाला कच्चे तांदूळ बांधून ठेवायची आणि रांगेत बसल्या बसल्या खायची. घरचे तिला त्यावरून रागवायचे, पण ते रक्त कमी झाल्याचं लक्षण होतं, कुणाला माती खावीशी वाटते, कुणाला खडू, कुणाला बर्फ. तिची गाठ योनीमार्गातून दुर्बीण घालून काढली, पोटावर टाका नाही, दुसऱ्या दिवशी घरी. उलट बाहेरच्या बाजूला सहा-सात सेंटिमीटरची गाठ असलेल्या बायका येतात, त्यांची पाळी एकदम नॉर्मल, फक्त लघवीला सारखं जावं लागतं म्हणून आलेल्या.

तुम्हाला खूप जातं म्हणताय तर आधी सीबीसी, म्हणजे रक्ताची साधी तपासणी, करून घ्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू होतील, त्या चहासोबत घेऊ नका, लिंबूपाण्यासोबत घ्या, आणि गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं. रक्तस्राव कमी करायला पाळीच्या दिवसात ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड देतात, पण पायाच्या शिरेत वगैरे कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर ते आधीच सांगा. हार्मोनच्या गोळ्या आहेत, मिरेना आहे, ती हार्मोन सोडणारी असते, कॉपर टी सारखी आत बसवतात आणि काही वर्षं काम करते, फक्त गाठीने पोकळी वाकडी झाली असेल तर ती निसटून पडू शकते. ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं गाठ आकसवतात पण थांबवली की ती परत वाढते, शिवाय हाडं ठिसूळ होतात, म्हणून ती बहुतेक ऑपरेशनच्या आधी थोडे महिने देतात.

पिशवी ठेवून नुसती गाठ काढता येते, ती मायोमेक्टॉमी, दुर्बिणीतून किंवा पोट उघडून. नंतर नवीन गाठी येऊ शकतात हे खरं आहे. एम्बोलायझेशन म्हणून एक उपाय आहे, पॅरिसच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये पहिल्यांदा मांडला, यात मांडीच्या किंवा मनगटाच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी नेऊन गाठीचा रक्तपुरवठा बंद करतात. पुण्या-मुंबईत होतं, पण गायनॅक डॉक्टर नाही तर इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट करतात, म्हणून कित्येक बायकांना कुणी सांगतच नाही, तुम्ही स्वतःहून विचारा.

पिशवी काढणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाहीये. गोळ्या-मिरेनाने भागलं नाही, गाठी खूप आहेत, मूल नको आहे आणि बाईला स्वतःला कायमचं मोकळं व्हायचंय, तर तो चांगला उपाय आहे, गाठी परत येत नाहीत. पण तेव्हा अंडाशयं ठेवणार की काढणार हे सही करण्याआधी विचाराच, कारण तुमच्या वयात दोन्ही काढली तर पाळी जायचा सगळा त्रास एकदम सुरू होतो आणि हाडांवर, हृदयावर परिणाम होतो. बीडच्या ऊसतोड बायकांचं २०१९ मध्ये बाहेर आलं ते वाचलं असेल तुम्ही, विशी-तिशीतल्या पोरींच्या पिशव्या काढलेल्या आणि बऱ्याचजणींना कॅन्सरचीच भीती घातलेली. ते आठवलं की अजून पोटात तुटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

तुमच्या वयात पाळी जायला अजून काही वर्षं आहेत, ती गेली की गाठी बहुतेक आकसतात, त्यामुळे त्रास आटोक्यात राहिला तर थांबणं हाही उपचारच आहे, फक्त सहा महिन्यांनी-वर्षाने सोनोग्राफी करत राहायची. दुसऱ्या गायनॅकला रिपोर्ट दाखवा, वाईट वाटून घेऊ नका, चांगले डॉक्टर याचा राग मानत नाहीत. सरकारी आरोग्य योजनेतून करायचं असेल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आधी विचारा कुठलं ऑपरेशन त्यात बसतं. आणि एका तासात पॅड पूर्ण भिजतोय, असं सलग दोन-तीन तास झालं, चक्कर येतेय, छातीत धडधडतंय, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीला जा, रात्र असली तरी.