जॅझ बँडच्या नावावरून त्याची शैली ओळखता येते का? आमच्या पाच जणांच्या बँडला कोणतं नाव शोभेल?

बऱ्याच अंशी येते. तुमच्याकडे ट्रम्पेट, टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बास आणि ड्रम्स आहेत आणि मनात तीन पर्याय आहेत: अमुक ‘स्टॉम्पर्स’, तमुक ‘अँड हिज ऑर्केस्ट्रा’ किंवा ‘क्विंटेट’ (पाच जणांचा संच). हे तिन्ही पर्याय वेगवेगळ्या काळांतले आहेत आणि जाणकार श्रोता त्यावरून आधीच अपेक्षा बांधून येतो.

‘स्टॉम्पर्स’, ‘हॉट’, ‘पेपर्स’ (म्हणजे मिरच्या) ही 1920च्या दशकातली भाषा. लुई आर्मस्ट्राँगचा ‘हॉट फाइव्ह’ (1925) घ्या: कॉर्नेट (ट्रम्पेटचाच आखूड भाऊ), क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, पियानो, बँजो. कॉर्नेट मुख्य धून धरतो, क्लॅरिनेट तिच्यावरून धावतो, ट्रॉम्बोन खालून सरकत तिला आधार देतो आणि तिघंही एकाच वेळी वाजवतात. 1927 मध्ये ट्यूबा आणि ड्रम्स आले, तेव्हा नाव ‘हॉट सेव्हन’ झालं. तुमच्याकडे क्लॅरिनेट नाही, ट्रॉम्बोनही नाही. म्हणजे ‘स्टॉम्पर्स’ ऐकून आलेल्याला हवी असलेली ती तिपेडी वीण तुमच्या वाद्यांत जमणार नाही. हे नाव सोडा.

‘अँड हिज ऑर्केस्ट्रा’ म्हणजे 1930च्या दशकातला स्विंग, नाचासाठीचा जॅझ. नाचाचे मोठे हॉल, चौदा-पंधरा वादक, सॅक्सोफोन, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनचे स्वतंत्र विभाग, लिहून काढलेली अरेंजमेंट. हॉल भरायला एका ओळखीच्या माणसाचं नाव लागे, म्हणून बँड त्याचा ‘हिज’. ही धाटणी मुंबईतही रुजली. गोव्याच्या आंतोनियो शाव्हियेर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांचा बँड ‘चिक अँड हिज म्युझिक मेकर्स’ होता. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ऐकू येणाऱ्या स्विंगमागेही याच चिक यांचा हात आहे.

‘क्विंटेट’ हे मुख्यतः 1940च्या दशकातल्या बीबॉपचं, म्हणजे नाचण्यापेक्षा ऐकण्यासाठीच्या वेगवान जॅझचं नाव. न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत नाचायला जागा नव्हती आणि 1944 मध्ये अमेरिकेत नाच-गाणं असलेल्या ठिकाणांवर 30 टक्के कर बसला, तो लवकरच 20 टक्क्यांवर आला. नुसतं वाद्यवादन त्यातून सुटत असे. मग छोटा संच परवडू लागला आणि नावात फक्त प्रमुख वादक आणि डोक्यांची संख्या उरली. बीबॉपचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याच्या 1947च्या क्विंटेटमध्ये टेनरच्या जागी आल्टो सॅक्सोफोन होता, बाकी वाद्यं तुमचीच.

तीन ठिकाणी मात्र फसगत होते. ‘क्विंटेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स’ 1934चा: तीन गिटार, एक व्हायोलिन, एक बास, ड्रम्स नाहीतच. 1971चा ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ पाच जणांचा, विजेच्या वाद्यांवरचा, जॅझ आणि रॉक मिसळणारा फ्युजन बँड. आणि जुन्या रेकॉर्डवरचं ‘द जंगल बँड’ म्हणजे ड्यूक एलिंग्टनचाच संच, कारण एका कंपनीशी करार असताना दुसरीकडे वाजवायचं तर टोपणनाव लागे. म्हणून नाव वाचलं की लगेच वादकांची यादी पाहा.

तुमचा संच हार्ड बॉपचा, म्हणजे बीबॉपमधून पुढे आलेल्या शैलीचा ठरलेला साचा आहे; ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये नेमकी हीच पाच वाद्यं होती. त्या बँडची गोष्ट तुमच्या कामाची आहे. सुरुवातीला तो सगळ्यांचा मिळून होता. 1956 मध्ये पियानोवादक होरेस सिल्व्हर बाहेर पडला, नाव ब्लेकीकडे राहिलं आणि 1990 पर्यंत वादक बदलत गेले तरी बँड तोच राहिला. उलट ‘मिल्ट जॅक्सन क्वार्टेट’ने 1952 मध्ये ‘मॉडर्न जॅझ क्वार्टेट’ हे नाव घेतलं, कारण चौघांना समान भागीदारी हवी होती.

एकच जण कार्यक्रम ठरवत असेल आणि बाकीचे बदलणार असतील, तर त्याचं नाव आणि पुढे ‘क्विंटेट’. पाचही जण समान असतील तर आकडा नसलेलं सामायिक नाव घ्या, म्हणजे एखाद्या दिवशी सॅक्सोफोनवाला आला नाही तरी पोस्टर खोटं पडत नाही. आणि कोणी सोडून गेलं तर नाव कोणाकडे राहणार, हे पहिल्या कार्यक्रमाआधीच कागदावर लिहून पाचही जणांच्या सह्या घ्या.