लॅपटॉप गरम झाला की स्लो होतो, फॉरमॅट मारू की रॅम वाढवू?

फॉरमॅट अजिबात नको. चालू केल्यावर अर्धा तास सुसाट पळतो आणि तापला की रखडतो असं तुम्हीच लिहिलंय, मग विंडोजचा काय दोष? व्हायरस काय लॅपटॉप तापायची वाट बघत बसतो?

हेच मी आमच्या भावोजींना सांगून थकलो. मी फोंड्याला असतो, जत्रेतल्या नाटकांचं शूटिंग-एडिटिंग करतो, म्हणजे नाटक संपणार पहाटे आणि कमिटीला व्हिडिओ पाहिजे संध्याकाळपर्यंत. त्यात एप्रिलची उकाड. व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की माझा लॅपटॉप थोडा वेळ बरा, मग टास्क मॅनेजरात स्पीड ३ गिगाहर्ट्झवरून घसरत घसरत ०.८ वर. दुकानवाला म्हणाला मदरबोर्ड गेला. भावोजी म्हणाले फॉरमॅट मार, आणि ते पणजीला ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतात म्हणून घरात त्यांचाच शब्द शेवटचा! पूर्ण सीझन रडतखडत काढला आणि चवथीला सगळे जमले होते तेव्हा आत बायका नेवऱ्या करतायत नि मी हॉलमध्ये पेपर पसरून मागचं झाकण उघडलं, मुद्दाम त्यांच्यासमोर. पंखा वरून एकदम स्वच्छ. भावोजी हसले. मग पंख्याचे स्क्रू काढून तो बाजूला केला तर पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये धुळीचा अख्खा थर, जुन्या गोधडीतल्या कापसासारखा, चिमट्याने ओढला तर एका तुकड्यात बाहेर आला. हवा जाणार कुठून? प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी जुनी थर्मल पेस्ट सुकून खडू झालेली, ती पुसून नवीन लावली. आधी ९८ डिग्रीला टेकायचा तो ८० च्या आसपास राहायला लागला. भावोजी काय म्हणाले? "नशीब तुझं." अजून प्रत्येक लग्नामुंजीत फॉरमॅटच सांगत फिरतात. ताईच्या लॅपटॉपमधले बारशाचे फोटो त्याच फॉरमॅटमध्ये गेले, तो विषय कोणी काढत नाही.

तर तुमचं. बहुतेक प्रोसेसर १०० डिग्रीच्या आसपास पोचले की जळू नये म्हणून स्वतःच स्पीड पाडतात. एचडब्ल्यूइन्फो (टेम्परेचर वगैरे दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून टेम्परेचर आणि स्पीड बाजूबाजूला बघा, टेम्परेचर चढताना स्पीड पडला की समजायचं, तापूनच रखडतोय. साफसफाई होईपर्यंत पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० ची ९९ करा, टर्बो (प्रोसेसरचा जादाचा वेग) बंद होतो, वेग थोडा जातो पण तापणं बरंच कमी. गादीवर ठेवून वापरणं बंद. तुम्ही कळंगुटला म्हणताय, खारी दमट हवा, धूळ चिकटून बसते, नुसतं बाहेरून ब्लोअर मारून निघणार नाही. आणि ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग जातं.

रॅमचं म्हणाल तर थंड असतानाही मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसत असेल तरच वाढवा. चार्जर डुप्लिकेट असेल तर काही लॅपटॉप त्यामुळेही स्पीड कमी करतात, ते आधी बघा.

वॉरंटी चालू असेल तर उघडू नका, हे खरं वरच लिहायला हवं होतं. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर बॅटरी फुगलीय, चार्जिंग तिथल्या तिथे बंद करा आणि सर्व्हिस सेंटरला न्या, कोणाच्या भावोजींकडे नको.