जपानी शिकायला टोकियोच कशाला?

प्रश्न: ताई, बीकॉम झालंय, दादरला क्लास लावून जपानीची एन५ ही सगळ्यात पहिली परीक्षा पास झालेय. आता वर्षभर तिकडे जाऊन शिकायचंय. एजंट म्हणतो टोकियोच घे, पार्टटाइम जॉबमध्ये सगळा खर्च निघतो. खरंय का?
— एक वाचक, परळ

उत्तर: अगं, सगळा कुठला निघतोय! स्टुडंट व्हिसावर, तेही वेगळी परवानगी काढून, आठवड्याला २८ तासच काम करता येतं, त्यात टोकियोचं भाडं आणि वर शाळेची फी म्हणजे कठीणच. फुकुओका शहर बघ ना, भाडं बरंच कमी. आणि शाळेला ईमेल करून वर्गात कुठल्या देशाची मुलं जास्त ते विचारच, कारण चिनी मुलांना कांजी, म्हणजे जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं, आधीच ओळखीची असतात, ती भराभर पुढे जातात नि आपण वहीत एकेक रेघ मोजत बसतो, तर कांजीचा वेगळा वर्ग आहे का तेही विचार. हॉस्टेल, वायफाय वगैरे नंतर बघू.

एप्रिलची बॅच हवी तर आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत कागद द्यावे लागतात, कारण शाळा आधी तिकडच्या इमिग्रेशनकडून सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे पात्रतेचा दाखला, काढते, व्हिसा त्याच्यानंतर. बाबांची बँक स्टेटमेंटं आत्ताच जमवायला घे.