डाऊनी, वेलीची विकरे आणि फवारणीची वेळ

प्रश्न (तासगाव): द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणीनंतर पाच-सहा पानांची फूट असताना तेलकट डाग दिसले. लगेच पोटॅशियम फॉस्फोनेट फवारले, तरी डाऊनी (केवडा रोग) वाढतच गेला. या औषधाने वेलीतली विकरे, म्हणजे एन्झाइम, वाढतात म्हणतात, ते खरे का?

उत्तर: खरे आहे, पण फवारा उशिरा पडला.

डाऊनीचे बीजाणू पानावरच्या पाण्यात पोहत खालच्या बाजूच्या रंध्रांतून आत शिरतात. चाहूल लागताच पेशी विकरे वाढवू लागतात. पॅल हे विकर फिनॉल, म्हणजे वेलीची रोगाला अडवणारी संयुगे, बनण्याची सुरुवात करून देते. पेरॉक्सिडेज लिग्निन हा लाकडातला कठीण पदार्थ घडवून पेशीभित्ती टणक करते. पॉलिफिनॉल ऑक्सिडेज फिनॉलपासून रोगाला जाचक पदार्थ बनवते. चिरलेले वांगे काळे पडते तेही याच विकरामुळे. कायटिनेज हे विकर बुरशीच्या भित्तीतले कायटिन तोडते, म्हणून ते भुरी रोगावर चालते, पण डाऊनीच्या भित्तीत कायटिन नगण्य असते. तिथे भित्तीतल्या ग्लुकानवर घाव घालते ग्लुकानेज.

थॉमसन या द्राक्षाच्या वाणात हे सगळे होते, फक्त सावकाश. डाग दिसतो तेव्हा लागण होऊन साधारण आठवडा झालेला असतो. फॉस्फोनेट रोगाला थोडे थेटही रोखते, पण त्याचा खरा उपयोग वेलीला आधी सावध करण्यात आहे. म्हणून पावसाचा किंवा दाट दवाचा अंदाज येताच, डाग नसतानाच, 3 ते 4 ग्रॅम प्रतिलिटर फवारा, आणि पानांची खालची बाजू भिजलीच पाहिजे. फॉस्फोनेट ताम्रयुक्त औषधात मिसळू नका. द्रावण आम्लधर्मी होऊन तांबे जास्त विरघळते आणि कोवळी फूट करपते.

आता डाग पडलेत, तर विकरांच्या भरवशावर राहू नका. रोगट पाने काढून बागेबाहेर नष्ट करा. डायमेथोमॉर्फ हे बुरशीनाशक लेबलवरील मात्रेत, सोबत मँकोझेब 75 टक्के 2 ग्रॅम प्रतिलिटर घ्या. युरिया थांबवा: जादा नत्राने फूट लुसलुशीत होते, फिनॉल कमी बनते, मग विकरांना कच्चा मालच उरत नाही. दाट फुटीची विरळणी करा, म्हणजे दव लवकर सुकेल. निर्यातीच्या बागेत फॉस्फोनेटचे अंश तपासणीत सापडतात, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात ते टाळलेले बरे.

डाग डाऊनीचाच आहे का, अशी शंका असेल तर ते पान ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी डागाखाली पांढरी वाढ दिसली, तर डाऊनीच.